अमेरिकेतला फुटबॉल, शाळेतले गुण आणि जबाबदारी कोणाची?

गेल्या वर्षी ऑगस्ट ते जानेवारी आम्ही उभयता मुलीकडे टेक्सासमध्ये होतो. डॅलसच्या जवळच त्यांचे गाव आहे. नातू नुकताच नववीत, म्हणजे तिथल्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला गेला होता आणि शाळेच्या फुटबॉल संघात त्याची निवड झाली होती. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पॅड आणि बरीचशी धक्काबुक्की. खेळ मला फारसा कळला नाही, पण घरातला उत्साह कळत होता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिल्या सहा आठवड्यांचे गुण आले. बायोलॉजीत ६७. पास होण्यासाठी ७० लागतात. तीन आठवडे सामने बंद. घरात सुतक असल्यासारखे वातावरण. नातू मला म्हणाला, "आजोबा, कोच मॅडमशी बोलले तर त्या तीन मार्क वाढवून देतील." मुलगीही म्हणाली, "बाबा, मी मॅडमना एक ईमेल टाकू का?" मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. "साहेब, एवढं तीनच हजारांनी कमी पडतंय, तेवढं बघा ना," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. म्हणून मी तिला म्हटले, "ईमेल जरूर टाक. पण मार्क वाढवा असं लिहू नकोस. मुलगा कुठे कमी पडतोय ते विचार."

मग हाताशी वेळ होता म्हणून हे नियम मुळातून समजून घेतले. वडोदऱ्यातल्या आपल्या कितीतरी घरांतली मुले-नातवंडे आज अमेरिकेत शाळेत आहेत. त्यांच्यापैकी कोणी मैदानाकडे वळले, तर आजी-आजोबांनाही हा विषय माहीत असावा, म्हणून हा लेख.

खेळ आणि कॉलेज यांची गाठ

आपल्याकडे खेळाडू घडतो तो क्लबात, आखाड्यात किंवा अकादमीत. पुढे रेल्वेत किंवा बँकेत खेळाडूंच्या जागांवर नोकरी मिळते. अमेरिकेत फुटबॉलच्या व्यावसायिक संघांकडे जाण्याचा रस्ता कॉलेजमधून जातो. हायस्कूलमध्ये चमकलेल्या मुलाला कॉलेज शिष्यवृत्ती देते. पूर्ण शिष्यवृत्तीत फी, राहणे, जेवण, पुस्तके सगळे येते. चार वर्षांचा तो खर्च लाखो डॉलरच्या घरात जाऊ शकतो. त्यामुळे गरीब घरातल्या मुलाला हा खेळ म्हणजे शिक्षणाचे दार वाटतो, आणि ते काही प्रमाणात खरेही आहे.

पण दार अरुंद आहे. देशभरात दरवर्षी सुमारे दहा लाख मुले हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरात सहा-सात कॉलेजच्या संघात पोहोचतात, आणि त्या सर्वांना शिष्यवृत्ती मिळतेच असे नाही. कॉलेजमधून व्यावसायिक संघात जाणारे तर शंभरात जेमतेम एक-दोन. म्हणजे बहुतेकांच्या हाती शेवटी उरते ते शिक्षणच. अभ्यासाचा नियम म्हणून महत्त्वाचा. तो खेळातला अडथळा नाही, मुलाच्या हातातले एकमेव खात्रीचे तारण आहे.

टेक्सासचा नियम : पास नाही तर खेळ नाही

ज्या नियमाने नातवाला बाकावर बसवले तो १९८४ सालचा. टेक्सासचे गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी उद्योगपती रॉस पेरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि शिक्षणसुधारणांचा मोठा कायदा मंजूर करून घेतला. त्यात ही अट होती : कोणत्याही एका विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले तर सहा आठवडे स्पर्धेत भाग घेता येणार नाही. नियम खेळाइतकाच शाळेच्या बँडलाही लागू. टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र म्हणजे फुटबॉलची रात्र, सगळे गाव मैदानावर असते. लोक इतके संतापले की १९८६ च्या निवडणुकीत व्हाइट हरले, आणि त्यामागच्या कारणांत हा नियमही धरला जातो. तरी नियम टिकला. १९९५ मध्ये तो सौम्य झाला : बंदी तीन आठवड्यांची झाली आणि सरावाला परवानगी मिळाली. तीन आठवड्यांनी पुन्हा गुण पाहतात. सर्व विषयांत पास असेल तर मुलगा पुन्हा मैदानात.

बीजगणिताचा एक विषय आणि राज्याचे विजेतेपद

नियम कागदावर सोपा असतो. पण गुण द्यायचे कोणी आणि ते तपासायचे कोणी, इथे खरी परीक्षा असते. याचे सर्वात बोलके उदाहरण डॅलस शहरातच घडले.

१९८८ साली डॅलसच्या कार्टर हायस्कूलचा संघ राज्यातल्या सर्वात बलाढ्य संघांपैकी एक होता. त्यांच्या एका खेळाडूला बीजगणिताच्या शिक्षकाने नापास केले. मुख्याध्यापकांनी गुणांचा हिशेब बदलला आणि मुलगा पास ठरला. तक्रार झाली. प्रकरण राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे गेले, तिथून कोर्टात. कोर्टाच्या मनाई हुकुमाच्या आधारावर संघ खेळत राहिला. उपान्त्य सामन्यात त्यांनी ओडेसाच्या पर्मियन हायस्कूलला १४-९ ने हरवले आणि अंतिम सामना ३१-१४ ने जिंकून राज्याचे विजेतेपद मिळवले. एच. जी. बिसिंगर यांच्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' या गाजलेल्या पुस्तकात याची हकिगत आहे. पुढे १९९१ मध्ये ते विजेतेपद काढून घेतले गेले आणि अंतिम सामन्यात हरलेल्या कन्व्हर्स जडसन शाळेला दिले गेले.

या प्रकरणाला दुसरी बाजूही आहे. कार्टर ही कृष्णवर्णीय वस्तीतली शाळा होती. अशी बारीक तपासणी श्रीमंत गोऱ्या शाळांची झाली असती का, असे तिथले लोक विचारत होते, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. पण एका विषयाच्या गुणांवर शिक्षक, मुख्याध्यापक, आयुक्त आणि न्यायाधीश सगळे बोलत असताना त्या मुलाला बीजगणित येते की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. पुढच्याच वर्षी त्या संघातले काही खेळाडू सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यांत सापडून तुरुंगात गेले. कॉलेजांची निमंत्रणे खिशात असलेली मुले होती ती. दोष एका बीजगणिताच्या विषयाचा म्हणता येणार नाही. परंतु 'तू मैदानावर धाव, बाकीचे आम्ही पाहून घेतो' हा धडा मुलाला मोठ्या माणसांनीच दिलेला असतो.

कॉलेजात शिरण्याचे नियम

आता कॉलेजकडे वळू. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांचे खेळ एनसीएए ही संस्था चालवते. १९०५ साली फुटबॉलमध्ये अनेक खेळाडूंचे मृत्यू झाले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले, आणि १९०६ मध्ये या संस्थेचा पाया घातला गेला. कॉलेजांचे तीन गट आहेत. पहिल्या गटात मोठ्या शिष्यवृत्त्या आणि टीव्हीवरचे सामने. दुसऱ्या गटात शिष्यवृत्त्या कमी. तिसऱ्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच, आणि प्रवेशाचे निकष प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते.

पहिल्या गटासाठी हायस्कूलच्या चार वर्षांत १६ मुख्य विषय पूर्ण करावे लागतात. इंग्रजीची ४ वर्षे, गणिताची ३ (बीजगणित एक किंवा त्यापुढचे), विज्ञानाची २, इंग्रजी-गणित-विज्ञान यांपैकी आणखी १, समाजशास्त्राची २ आणि परकी भाषा वगैरेंची ४. व्यायाम, सुतारकाम असले विषय यात धरत नाहीत.

या १६ विषयांची सरासरी किमान २.३ हवी. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १. अधिक-उणे धरत नाहीत. सी-प्लस असला तरी तो सीच. आता बँकेच्या सवयीने हिशेब मांडतो. पाच विषयांत बी आणि अकरांत सी : १५ अधिक २२ म्हणजे ३७, भागिले १६, उत्तर २.३१. मुलगा पात्र. चार बी आणि बारा सी : १२ अधिक २४ म्हणजे ३६, भागिले १६, उत्तर २.२५. मुलगा अपात्र. फरक एका बी चा. मात्र २.० ते २.३ च्या मध्ये राहिलेल्याला शिष्यवृत्ती आणि सराव मिळू शकतो. पहिल्या वर्षी सामने तेवढे खेळता येत नाहीत.

सर्वात महत्त्वाचे कलम पुढचेच, आणि पालक नेमके इथेच चुकतात. १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की त्या दहांचे गुण गोठतात. पुन्हा परीक्षा देऊन ते सुधारता येत नाहीत. म्हणजे नववीत केलेला आळस बारावीत भरून काढता येत नाही. आवर्ती ठेवीचे हप्ते दर महिन्याला भरायचे असतात, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एकदम नव्हे, तसेच हे.

दुसऱ्या गटात सरासरीची अट २.२ आहे आणि विषयांची वाटणी थोडी सैल आहे.

नियम कसे बदलत गेले

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १९८३ मध्ये एनसीएएने 'प्रपोझिशन ४८' मंजूर केले. ते १९८६ पासून लागू झाले. त्यात ११ मुख्य विषय, सरासरी २.० आणि शिवाय प्रवेशपरीक्षेत किमान गुण, एसएटीत ७००, अशी अट होती. १९८९ मध्ये ती आणखी कडक करण्याचा ठराव झाला : अट पूर्ण न करणाऱ्याला पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच नाही. जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी निषेध म्हणून सामना सुरू होण्याआधी मैदान सोडले. गरीब शाळांतल्या, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांना एका परीक्षेच्या आकड्यावर बाहेर ठेवणे अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद अनेक वर्षे चालला, कोर्टातही गेला. हळूहळू परीक्षेचे वजन कमी झाले, शाळेतल्या विषयांची संख्या ११ वरून १३, १४ आणि शेवटी १६ झाली. २०१६ पासून २.३ आणि दहा विषयांचा नियम आला. जानेवारी २०२३ मध्ये एसएटी किंवा एसीटीची अट पूर्ण काढून टाकण्यात आली.

मला यात बदल योग्य दिशेने वाटतो, पण त्याची एक किंमत आहे. बाहेरची परीक्षा अन्यायकारक असली तरी ती शाळेच्या हातात नव्हती. आता सगळा भार शाळेने दिलेल्या गुणांवर आहे. म्हणजे गुण देणारे हात स्वच्छ राहणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले.

कॉलेजात गेल्यावर काय?

प्रवेशानंतरही नियम संपत नाहीत. पहिल्या गटात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याच्या शेवटी ६० टक्के आणि चौथ्याच्या शेवटी ८० टक्के भाग पूर्ण हवा. खेळासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. प्रत्यक्षात मात्र २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंच्या प्रकरणात कामगार मंडळाच्या अधिकाऱ्याने हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉलमध्ये जातात अशी नोंद केली. पूर्णवेळ नोकरीच ती. त्यातून अभ्यास कधी करायचा?

मग पळवाटा निघतात. वॉशिंग्टनच्या संघाचे प्रसिद्ध खेळाडू डेक्स्टर मॅन्ली यांनी १९८९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे रडत सांगितले की आपण ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे काढली, तरी आपल्याला धड वाचता येत नव्हते. चार वर्षे कोणीतरी त्यांना पुढे ढकलत होते.

जॉर्जिया विद्यापीठातल्या इंग्रजीच्या शिक्षिका जॅन केम्प यांनी नापास फुटबॉलपटूंना वरच्या वर्गात ढकलण्याला विरोध केला. त्यांची नोकरी गेली. त्या कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. ज्युरीने २५ लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली, पुढे ती कमी झाली, पण नोकरी परत मिळाली.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे चॅपेल हिल येथील प्रकरण त्याहून मोठे. १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे तिथल्या एका विभागात नावापुरते वर्ग चालले. तास नाहीत, शिक्षक नाही. एक निबंध द्यायचा, आणि तो तपासून गुण देणार कार्यालयातली कर्मचारी. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी असे विषय घेतले, त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. २०१४ च्या चौकशी अहवालात हे सगळे बाहेर आले. आणि २०१७ मध्ये एनसीएएने निर्णय दिला की हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, खेळाडूंना वेगळी सवलत नव्हती, म्हणून खेळाच्या नियमांखाली शिक्षा करता येत नाही!

हे वाचताना मला थकीत कर्जखात्यांची आठवण झाली. जुने कर्ज फिटले असे दाखवण्यासाठी नवे कर्ज द्यायचे. कागदोपत्री खाते निरोगी, आत काही नाही. असे खाते ज्या दिवशी फुटते त्या दिवशी मंजुरी देणारा अधिकारी बहुधा बदलून गेलेला असतो. इथेही मुलगा पंचविशीत घरी परततो तेव्हा त्याचा कोच दुसऱ्या कॉलेजात असतो.

संस्थेला जबाबदार धरण्याचा एक प्रयत्न

पूर्वी शिक्षा फक्त मुलाला होती. २००४ पासून एनसीएएने संघाचाच प्रगतीचा दर काढायला सुरुवात केली. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूचे दर सत्राला दोन गुण : एक कॉलेजात टिकल्याचा, एक अभ्यासात पात्र राहिल्याचा. संघाला हजारापैकी किमान ९३० हवेत. कमी पडले तर हंगामानंतरच्या स्पर्धेत बंदी. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ २०११ चा राष्ट्रीय विजेता होता, तरी २०१३ च्या स्पर्धेला त्याला मुकावे लागले. २०१४ मध्ये तोच संघ पुन्हा विजेता झाला. नियम पाळून जिंकता येते, हे त्यातून दिसले.

आता तर पैसाही थेट आला आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पैसा वाढला की गुणांवरचा दबावही वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बँकेत साधा नियम असतो : नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. एकाच माणसाकडे दोन्ही किल्ल्या नाहीत. तिथेही हेच हवे असे मला वाटते. ज्याला सामना जिंकल्याचा फायदा आहे, त्याचा हात गुणपत्रिकेपर्यंत पोहोचता कामा नये. आणि मुलगा नापास झाला तर प्रश्न त्याच्याबरोबर कोच, शाळा आणि पालक यांनाही विचारला गेला पाहिजे. नुसता मुलगा बाकावर बसवून जबाबदारी पूर्ण होत नाही.

आपल्या घरांसाठी चार सूचना

१. मुलगा नववीत जाताच शाळेच्या काउन्सेलरना विचारा की घेतलेले विषय एनसीएएच्या मान्य यादीत आहेत का. प्रत्येक शाळेची यादी वेगळी असते.

२. दहा विषयांचा हिशेब अकरावीच्या शेवटी नव्हे, दर वर्षी मांडा.

३. नववी-दहावी इथे करून तिकडे गेलेल्या मुलांच्या मूळ गुणपत्रिका जपून ठेवा. नववीपासूनची सगळी कागदपत्रे मागतात.

४. शिक्षकांना पत्र लिहाल तेव्हा गुण मागू नका, मदत मागा.

नातवाचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. कोच मॅडमशी बोलले नाहीत. त्यांनी नातवाला सकाळी सातला शाळेत शिकवणीला यायला सांगितले आणि पहिल्या दिवशी स्वतः दारात उभे राहिले. मॅडमचे उत्तर आले ते असे की तो पाठ करतो, पण प्रयोगाच्या वह्या देत नाही. तीन आठवडे आम्ही आजोबा-नातू जेवणाच्या टेबलावर पेशींच्या आकृत्या काढत बसलो. बीकॉमच्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यावर बायोलॉजी शिकावी हा योग होता. पुढच्या तपासणीत त्याला ७४ पडले आणि हंगामाचा शेवटचा सामना तो खेळला. संघ हरला. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "आजोबा, ते चौऱ्याहत्तर माझेच आहेत ना?" मी म्हटले, "हो रे बाबा, पैन् पै तुझे."

कोणाला विषयांच्या यादीबद्दल काही विचारायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी मी मंडळाच्या वाचनालयात असतो. मुलांच्या गुणपत्रिका घेऊन या, एकत्र हिशेब मांडू.